लिव्हरमधली पाण्याची गाठ पोटात फुटली तर? दुर्बिणीची इमर्जन्सी सर्जरी नेमकी कशी चालते

समजा, एकाची मोटारसायकल वाळूवर घसरली. हँडल पोटात, उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली लागलं. रक्त नाही, हाड मोडलं नाही. माणूस उठला, कपडे झटकले, गाडी सरळ केली आणि घरी आला. अर्ध्या तासात पोट दुखायला लागलं. ते समजण्यासारखं होतं, मार लागलाय म्हटल्यावर दुखणारच. पण त्याच सुमारास अंगभर गांधी उठल्या, खाज सुटली, ओठ जड वाटायला लागले. घरचे म्हणाले, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा.

या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. पोटाला मार लागल्यानंतर पोटदुखी आणि अंगावर गांधी या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर ते आमसुलाचं काम नाही. लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं गुपचूप बसलेली एक पाण्याची गाठ फुटली असण्याची शक्यता आहे. त्या गाठीतलं पाणी शरीराला इतकं परकं वाटतं की ते पोटात सांडताच तीव्र ॲलर्जी होऊन रक्तदाब कोसळू शकतो. १०८ ला फोन लावायचा आणि फोनवर दोन्ही लक्षणं सांगायची.

आता मुद्द्यावर येऊ. अशा फुटलेल्या गाठीचं ऑपरेशन आजकाल काही ठिकाणी पोट न फाडता, दुर्बिणीने करतात. 'लिव्हर' आणि 'इमर्जन्सी' हे शब्द ऐकल्यावर तीन-चार छोट्या छिद्रांतून काय होणार, असं कुणालाही वाटेल. कसं होतं आणि कधी करू नये, ते पाहू.

गाठ म्हणजे कुठली गाठ?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'लिव्हर सिस्ट' असं लिहून आलं की लोक घाबरतात. बहुतेक वेळा घाबरण्याचं काही कारण नसतं. साधी सिस्ट म्हणजे पातळ भिंतीची, आत स्वच्छ पाणी असलेली पिशवी. ती बऱ्याच जणांच्या लिव्हरमध्ये असते, वय वाढलं की जास्त सापडते आणि स्त्रियांमध्ये थोडी अधिक दिसते. माणूस मरेपर्यंत ती तिथेच असते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. ती फुटणं दुर्मिळ आहे. फुटलीच तर बहुधा मोठी झालेली असते, आत रक्तस्राव झालेला असतो किंवा मार लागलेला असतो.

दुसरा प्रकार हायडॅटिड सिस्ट. ही शरीराची स्वतःची गाठ नाही, हे एका जंताचं घर आहे. या लेखात जास्त बोलायचं ते हिच्याबद्दल.

तिसरी गोष्ट सिस्ट नाही, पण आपल्याकडे तिची गफलत फार होते: लिव्हरमधला पू, म्हणजे ॲब्सेस. अमीबामुळे किंवा बॅक्टेरियामुळे होतो, सोबत थंडीताप असतो, माणूस आठवडाभर आजारी दिसतो. आपल्या भागात लिव्हरमधली 'फुटलेली गाठ' म्हणून जे पेशंट कॅज्युअल्टीत येतात, त्यात ॲब्सेस नेहमी डोक्यात ठेवावा लागतो. त्याचे उपचार वेगळे आहेत: सोनोग्राफीत बघून आत बारीक नळी घालायची, पू काढायचा, औषधं द्यायची. पण ॲब्सेस समजून तीच सुई काही तयारी न करता हायडॅटिडमध्ये घुसवली तर प्रकरण अंगाशी येऊ शकतं. म्हणून आधी ओळख पटवायची.

कुत्रा, मेंढी आणि वाट चुकलेला पाहुणा

हायडॅटिडचा जंत म्हणजे इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. मोठा झालेला जंत काही मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याएवढाच, आणि राहतो कुत्र्याच्या आतड्यात. कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. जंताची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावर, मातीत, पाण्यात जातात. मेंढी, शेळी किंवा गाय चरताना ती पोटात घेते आणि तिच्या लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात गाठी होतात. जनावर कापलं की गाठीसकट ते लिव्हर कुत्र्यापुढे टाकलं जातं. कुत्र्याने खाल्लं की चक्र पूर्ण.

माणूस या चक्रात नसतो. न धुतलेली भाजी, कुत्र्याला कुरवाळून तसाच तोंडाला लागलेला हात, उघड्यावरचं पाणी, यातून अंडं पोटात जातं. आतड्यात ते उघडतं, अळी रक्तात शिरते आणि आतड्याचं रक्त आधी लिव्हरमध्येच जात असल्यामुळे बहुतेकदा तिथेच अडकते. जी लिव्हरची चाळणी चुकवते ती पुढे फुप्फुसात. जंताच्या दृष्टीने हा रस्ता बंद आहे, कारण माणसाचं लिव्हर कुत्रा खाणार नाही. पण अळीला ते माहीत नसतं. ती गाठ बांधत राहते, वर्षानुवर्षं.

मेंढरं राखणाऱ्यांना, खाटीककाम करणाऱ्यांना धोका जास्त, हे खरं. म्हणून शहरातल्या फ्लॅटमधल्या माणसाला होतच नाही असं नाही. भाजी कुठल्या शेतातून आली आणि त्या शेतात कुठलं कुत्रं फिरलं, हे कुणाला सांगता येतं?

गाठीची रचना समजली की पुढचं ऑपरेशन समजतं. बाहेरून आत तीन थर असतात. सगळ्यात बाहेर आपल्याच शरीराने परक्याभोवती घातलेलं कुंपण, जाड आणि तंतुमय. त्याच्या आत एक पांढरा, लिबलिबीत पडदा, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा. त्याच्याही आत अगदी पातळ जिवंत थर. हाच खरा जंत. त्याच्यातून नवी डोकी तयार होतात आणि काही गाठींमध्ये द्राक्षाच्या घडासारख्या छोट्या पिल्लू-गाठी. पाणी मात्र निवळशंख असतं. बाटलीत भरून ठेवलं तर ओळखू येणार नाही इतकं स्वच्छ.

किती पाणी? १० सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीत अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. १५ सेंटिमीटरच्या गाठीत पावणेदोन लिटर. व्यास दीडपट झाला की पाणी तिपटीहून जास्त होतं. म्हणून 'मागच्या रिपोर्टपेक्षा थोडीच वाढलीये' या वाक्यावर विसंबू नये.

सोनोग्राफीवरून या गाठींचे टप्पे ठरवता येतात. ट्युनिशियातल्या घार्बी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एक वर्गवारी दिली, पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने तिच्यात बदल करून सीई १ ते सीई ५ असे टप्पे ठरवले. सीई १ म्हणजे ताणलेली, जिवंत, पाण्याने भरलेली गाठ. सीई ५ म्हणजे चुना साचून मेलेली. फुटण्याची भीती ताणलेल्या, जिवंत आणि लिव्हरच्या पृष्ठभागाजवळच्या गाठींची जास्त. सीई ५ कडे बहुतेकदा फक्त लक्ष ठेवतात.

फुटली, पण कुठे फुटली?

हा प्रश्न सर्जन सगळ्यात आधी विचारतो, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

कधी फक्त आतला पडदा सुटतो आणि बाहेरचं कुंपण शाबूत राहतं. पाणी कुठेच सांडत नाही. सोनोग्राफीत पडदा पाण्यावर तरंगताना दिसतो, कमळाच्या पानासारखा, आणि डॉक्टरी पुस्तकांत त्याला तसंच नाव आहे. इथे वेळ हाताशी असतो.

कधी गाठ पित्तनलिकेत फुटते. पडद्याचे तुकडे नळीत अडकतात आणि कावीळ, थंडीताप, उजव्या बाजूला कळा सुरू होतात. हे पित्ताच्या खड्यासारखंच दिसतं आणि पहिला उपचारही तसाच होतो. त्याबद्दल पुढे.

कधी श्वासपटल भेदून वर छातीत. पेशंट खोकताना अचानक खारट पाणी, पडद्याचे तुकडे, कधी कडू पित्त बाहेर पडतं.

आणि कधी थेट पोटाच्या पोकळीत. आपल्या मोटारसायकलवाल्याचं हेच झालं. यात दोन धोके आहेत, एक मिनिटांचा आणि एक वर्षांचा. मिनिटांचा धोका ॲलर्जीचा. वर्षांचा धोका असा, की त्या पाण्यातली प्रत्येक सूक्ष्म डोकी हे एकेक बी आहे. पोटात जिथे पडेल तिथे रुजू शकतं. आज नीट धुतलं गेलं नाही तर काही वर्षांनी पोटभर गाठी घेऊन माणूस परत येतो, आणि मग ते ऑपरेशन फार अवघड होऊन बसतं.

चाकू लावण्याआधीचा तास

फुटलेली गाठ म्हणजे लगेच चाकू, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात आधी माणूस सावरावा लागतो. ॲलर्जीने रक्तदाब पडला असेल तर पहिलं औषध ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. स्टिरॉइड आणि ॲलर्जीची इंजेक्शनं त्यानंतर. ती उपयोगी आहेत, पण ॲड्रिनलिनच्या जागी चालत नाहीत. सोबत ऑक्सिजन आणि दोन मोठ्या सुयांतून सलाईन.

मग पलंगापाशीच सोनोग्राफी. लिव्हर आणि उजव्या किडनीमधल्या फटीत पाणी साचलंय का, हे दोन मिनिटांत कळतं. पण ते पाणी आहे की रक्त, हे सोनोग्राफी खात्रीने सांगत नाही. पेशंट स्थिर असेल तर सीटी स्कॅन करतात. सीटीमध्ये बसकी झालेली गाठ, आत चुरगळलेला पडदा, पोटात पसरलेलं पाणी, सगळं दिसतं आणि रक्तस्राव चालू आहे का हेही कळतं. हायडॅटिडची रक्ततपासणीही असते, पण तिचा रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि तो निगेटिव्ह आला म्हणजे गाठ नाही असंही नाही. इमर्जन्सीत त्यासाठी थांबत नाहीत.

इथे पहिला फाटा फुटतो. सलाईन देऊनही रक्तदाब टिकत नसेल, पोटात रक्त वाढत असेल, तर दुर्बिणीचा विचार सोडून सरळ पोट उघडतात. कारण साधं आहे. दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरावा लागतो. त्या दाबाने पोटातली मोठी शीर दबते आणि हृदयाकडे परत जाणारं रक्त कमी होतं. धडधाकट माणूस हे सहज सोसतो. ज्याचं बीपी आधीच तळाला गेलंय, तो नाही सोसू शकत. शिवाय लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. तिथे मोठी शीर फाटली असेल तर हाताने दाबून धरण्याइतकं जलद दुसरं काही नाही.

छिद्रांतून आत

पेशंट स्थिर आहे असं धरू. पूर्ण भूल दिली जाते. बेंबीजवळ साधारण एक सेंटिमीटरचा छेद घेऊन कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण १२ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. साधी हवा का नाही? हवा रक्तात शिरली तर तिचे बुडबुडे जीवघेणे ठरू शकतात, आणि ऑक्सिजन आगीला मदत करतो, आत तर विजेची उपकरणं चालतात. कार्बन डायऑक्साइड जळत नाही, रक्तात पटकन विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. पोट तंबूसारखं वर उचललं जातं आणि आत काम करायला जागा होते.

मग कॅमेरा. दुर्बीण म्हणजे १० किंवा ५ मिलिमीटर जाडीची लांब नळी, टोकाला बहुधा ३० अंशांत तिरकी कापलेली भिंग. ती नुसती फिरवली तरी कोपऱ्यापलीकडचं दिसतं. लिव्हरच्या वरच्या बाजूला, श्वासपटलाखाली डोकवायला हा तिरकेपणा फार उपयोगी पडतो, कारण पोट उघडूनसुद्धा ती जागा नीट दिसत नाही. बाकी दोन-तीन छिद्रांतून पकडी, कात्री, सक्शन. कापताना रक्त येऊ नये म्हणून अल्ट्रासोनिक कात्री वापरतात. तिचं पातं सेकंदाला सुमारे ५५ हजार वेळा थरथरतं, त्या घर्षणाने ऊती कापलीही जाते आणि छोट्या शिरा बंदही होतात.

हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढायची सुरुवात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. नवं आहे ते इमर्जन्सीत आणि लिव्हरवर ते वापरण्याचं धाडस.

भूलतज्ज्ञाचं काम इथे सर्जनइतकंच नाजूक असतं. पेशंट हिरव्या चादरींखाली झाकलेला आहे, अंगावर गांधी उठल्या तरी दिसणार नाहीत, 'खाज सुटली' म्हणायला तो जागा नाही. ॲलर्जी पुन्हा उसळली तर ती फक्त मॉनिटरवर दिसते: बीपी घसरतं, फुप्फुसात हवा ढकलायला जास्त दाब लागतो, श्वासातला कार्बन डायऑक्साइड अचानक कमी दिसतो. पोटात तोच गॅस भरलेला असताना खरं तर तो आकडा थोडा वाढायला हवा. म्हणून तो एकदम खाली आला की सगळ्यांचे हात थांबतात.

खरी अडचण: नळी तुंबते

न फुटलेल्या हायडॅटिडमध्ये दुर्बिणीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप असा असायचा की गाठ उघडताना एक थेंब जरी सांडला तरी बी पसरलं. गॅसच्या दाबाने ते अजून लांब उडेल, ही भीती वेगळीच. फुटलेल्या गाठीत हा हिशोब बदलतो. सांडायचं ते सांडून झालंय. आता प्रश्न न सांडण्याचा कमी आणि सांडलेलं शोधून काढण्याचा जास्त. आणि शोधण्यात दुर्बीण सरस आहे. बेंबीतून एकाच कॅमेऱ्याने श्वासपटलापासून ओटीपोटाच्या तळापर्यंत सगळे कोपरे बघता येतात. पोट उघडून तेवढं बघायचं तर छेद छातीच्या हाडापासून खालपर्यंत न्यावा लागेल. माझ्या मते या ऑपरेशनमध्ये दुर्बिणीचा खरा फायदा हाच आहे. छोटे व्रण हा नंतरचा.

पण बघणं वेगळं आणि काढणं वेगळं. नेहमीची सक्शन नळी ५ मिलिमीटरची असते. पाणी ती झरझर ओढते, पण पांढरा लिबलिबीत पडदा तिच्या तोंडावर चिकटला की संपलं. बेसिनच्या जाळीवर भाताची खरड अडकते तसं. नळी बाहेर काढा, साफ करा, परत आत घाला, आणि दर खेपेला गाठीत नवं पाणी सांडतंच आहे. पिल्लू-गाठी तर त्या नळीत शिरतच नाहीत.

यावर एक छान उत्तर आपल्याच देशातून आलं. कोइम्बतूरचे सर्जन डॉ. सी. पळनिवेलू यांनी खास हायडॅटिडसाठी एक रुंद नळी बनवली, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नळीचं तोंड गाठीच्या भिंतीला घट्ट टेकवून धरायचं आणि नळीला जोडलेलं सक्शन सतत चालू ठेवायचं. गाठीला भोक पाडताना जे काही बाजूने झिरपेल ते पोटात पडायच्या आत ओढलं जातं. नळी रुंद असल्यामुळे पडदा आणि पिल्लू-गाठीसुद्धा तिच्यातूनच बाहेर येतात, आणि मग त्याच नळीतून कॅमेरा आत घालून गाठीची पोकळी आतून तपासता येते. यात चिप नाही, एआय नाही, रोबो नाही. प्लंबिंगचा प्रश्न प्लंबिंगने सोडवलाय. जिथे ही नळी नसते तिथे सर्जन मोठ्या छिद्रातून जाड सक्शन घालतात आणि पडदा बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ती पिशवी बाहेर ओढतात. पडदा उघडा ओढायचा नाही, नाहीतर छिद्राच्या कडेलाच बी रुजतं.

गाठीभोवती जंतनाशकात भिजवलेल्या पट्ट्या रचतात, शेतात बांध घालावा तशा. आतलं पाणी ओढून झालं की पोकळीत जंत मारणारं द्रावण भरून काही मिनिटं ठेवतात. साधारण २० टक्के मिठाचं पाणी हे त्यातलं जुनं आणि स्वस्त द्रावण. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, ओढलेलं पाणी निवळशंख न येता पिवळं आलं, तर गाठ पित्तनलिकेला जोडलेली आहे. मग हे द्रावण आत घालायचं नाही, नलिका जळून कायमच्या आकसू शकतात. पूर्वी फॉर्मॅलिन वापरायचे आणि त्याने असे पेशंट आयुष्यभराचे आजारी झाले. दोन, इतकं खारट पाणी पोटभर ओतायचं नाही, ते रक्तात शोषलं जाऊन सोडियम धोकादायक पातळीवर जातं. पोट धुवायला साधं कोमट सलाईन, पण भरपूर, लिटरच्या लिटर, टेबल कधी डोक्याकडे तर कधी पायाकडे कलवून, प्रत्येक कोपऱ्यातून परत ओढून घेत. कंटाळवाणं काम आहे. इथे घाई करून चालत नाही.

त्यानंतर गाठीच्या बाहेरच्या कुंपणाचा जेवढा भाग लिव्हरच्या बाहेर आलाय तेवढा कापून काढतात. कधी आतल्या पोकळीत पोटातल्या चरबीचा पडदा भरतात, म्हणजे तिथे पाणी साचत नाही. एक रबरी नळी ठेवून बाकी छिद्रं शिवतात. गाठ आख्खी, कुंपणासकट कापून काढण्याचंही ऑपरेशन असतं, पण सुजलेल्या, फुटलेल्या अवस्थेत ते करण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. आधी जीव आणि सफाई, बाकीचं नंतर.

साधी सिस्ट फुटली असेल तर

इथे मामला बराच सोपा. पाण्यात जंत नाही. पेशंट स्थिर असेल आणि रक्तस्राव नसेल तर काही वेळा ऑपरेशनच लागत नाही, भरती करून लक्ष ठेवतात. दुखणं थांबत नसेल किंवा रक्त आलं असेल तर दुर्बीण घालून पोट धुतात आणि गाठीचं 'छप्पर' उडवतात, म्हणजे लिव्हरबाहेर आलेली भिंत कापून काढतात. आता ती पिशवी राहिली नाही, वाटी झाली. आतलं अस्तर पाणी बनवत राहिलं तरी ते पोटात पसरतं आणि शोषलं जातं. छप्पर कंजूसपणे कापलं तर कडा परत जुळतात आणि गाठ पुन्हा भरते. नुसत्या सुईने पाणी काढलं तरी तेच, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत. कापलेला तुकडा तपासणीला पाठवलाच पाहिजे, कारण क्वचित साधी दिसणारी सिस्ट ट्यूमर निघते. रक्त येत असेल तर कधीकधी सर्जनच्या आधी रेडिओलॉजिस्टला बोलावतात. तो मांडीतून किंवा मनगटातून बारीक तार लिव्हरच्या धमनीपर्यंत नेतो आणि गळणारी फांदी आतूनच बंद करतो.

पित्त गळतंय का?

गाठ साफ झाली, पण तिच्या भिंतीत पित्तनलिकेचं छोटंसं तोंड उघडं राहिलं, तर दुसऱ्या दिवशी नळीतून पिवळं पाणी यायला लागतं. ते शोधायची एक अगदी साधी युक्ती आहे: पांढरी कोरडी पट्टी पोकळीत दाबून धरायची, काढायची आणि पिवळा ठिपका कुठे उमटला ते बघायचं. ठिपका दिसला तिथे टाका.

नवी युक्ती आयसीजी नावाच्या हिरव्या रंगद्रव्याची. हे शिरेतून दिलं की लिव्हर ते रक्तातून उचलतं आणि पित्तात टाकतं. खास कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो आणि पित्त पडद्यावर चमकतं. गळती असेल तर तो ठिपका अंधारात काजवा दिसावा तसा दिसतो. अडचण एवढीच की रंग पित्तात उतरायला वेळ लागतो, म्हणजे ऑपरेशनच्या सुरुवातीलाच आठवणीने द्यावा लागतो, आणि असा कॅमेरा सगळीकडे नसतो. पांढरी पट्टी सगळीकडे असते.

तरीही गळती राहिली, किंवा गाठ मुळात पित्तनलिकेतच फुटली असेल, तर ईआरसीपी. तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्यात जायचं, पित्तनलिकेचं तोंड थोडं मोठं करायचं, अडकलेले पडद्याचे तुकडे फुग्याने ओढून काढायचे आणि एक प्लॅस्टिकची नळी ठेवून द्यायची. पित्त सोप्या वाटेने आतड्यात उतरायला लागलं की बाजूची गळती बहुतेकदा आपोआप बंद होते. पित्तनलिका तुंबून ताप आलेल्या पेशंटमध्ये ईआरसीपी आधी आणि गाठीचं ऑपरेशन नंतर, असा क्रम लावता येतो.

नातेवाइकांनी काय विचारावं

'दुर्बिणीने नाही का होणार?' हा प्रश्न बहुतेक जण विचारतात, आणि विचारायला हरकतही नाही. पण त्यामागे 'दुर्बिणीचं म्हणजे छोटं ऑपरेशन' अशी समजूत असते, ती चूक आहे. आत होणारं काम तेवढंच मोठं असतं. फुटलेल्या हायडॅटिडमध्ये दुर्बीण वापरल्याचा जगभरचा अनुभव अजून एकेका पेशंटच्या नोंदी आणि छोट्या गटांवरच उभा आहे, आणि असे बरेच पेशंट आजही पोट उघडूनच बरे केले जातात. गाठ लिव्हरच्या मागच्या भागात खोल असेल, मोठ्या शिरांना चिकटलेली असेल, अनेक गाठी असतील, किंवा आधीच्या ऑपरेशनमुळे पोटात सगळं चिकटलेलं असेल, तर उघडं ऑपरेशनच बरं. दुर्बिणीने सुरुवात करून मध्येच पोट उघडावं लागलं तर ते ऑपरेशन फसलं असं समजू नये. तो सर्जन वेळेवर थांबला, एवढाच त्याचा अर्थ.

त्यापेक्षा हे विचारा: इथे आयसीयू आहे का? रात्री रक्त मिळेल का? पित्त गळलं तर ईआरसीपी इथेच होतं की दुसऱ्या गावी न्यावं लागेल? या प्रश्नांच्या उत्तरांवर दुर्बीण की उघडं यापेक्षा जास्त काही अवलंबून असतं.

घरी गेल्यावर

दुर्बिणीने झालं असेल आणि पित्त गळत नसेल, तर माणूस लवकर चालायला लागतो. व्रणाचं दुखणं कमी, छातीत कफ साठण्याचा त्रास कमी. खांदा दुखतो एक-दोन दिवस, त्याला घाबरू नये. गॅसने श्वासपटल चुरचुरतं आणि ती कळ खांद्यात जाणवते.

हायडॅटिड असेल तर खरं पथ्य आता सुरू होतं. अल्बेंडाझोलच्या गोळ्या. शाळेत जंतासाठी मुलांना देतात तेच औषध, पण तिथे एक गोळी पुरते, इथे रोज दोनदा आणि काही महिने. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये ती आधीच सुरू करतात, म्हणजे जंत अर्धमेला झालेला असतो. गाठ अचानक फुटली की ती संधी गेलेली असते, म्हणून नंतरचा कोर्स पूर्ण करणं जास्त महत्त्वाचं. गोळी जेवणासोबत घ्यायची, त्यातही थोडं तूप-तेल असलेल्या जेवणासोबत, म्हणजे ती जास्त शोषली जाते. मधूनमधून लिव्हरची आणि पांढऱ्या पेशींची तपासणी करावी लागते. दिवस गेले असतील किंवा जाण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. बरं वाटतंय म्हणून पंधरा दिवसांत गोळ्या बंद करणारे बरेच असतात. बरं वाटणारच, पण औषध पोटात उरलेल्या बियांसाठी आहे.

सोनोग्राफी पुढची काही वर्षं ठरलेल्या अंतराने करायची. डिस्चार्ज कार्ड आणि सीटीची सीडी जपून ठेवायची, कारण पाच वर्षांनी पोटात छोटी गाठ दिसली तर ती नवी की जुनी, हे त्यावरूनच ठरतं. ज्या घरात एकाला निघाली त्या घरातल्या बाकीच्यांचीही एकदा सोनोग्राफी करून घेणं शहाणपणाचं, कारण कुत्रं, पाणी आणि भाजी सगळ्यांची एकच असते. कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरांकडून प्राझिक्वांटेल द्यावं आणि कापलेल्या जनावराचं कच्चं लिव्हर-फुप्फुस त्याच्यापुढे टाकू नये, पुरावं किंवा जाळावं.

रक्ततपासणीचा एक घोळ शेवटी सांगतो, कारण यावरून लोक नाहक धास्तावतात. ऑपरेशननंतर वर्षभराने कुणीतरी हायडॅटिडची टेस्ट करायला सांगतं आणि ती पॉझिटिव्ह येते. याचा अर्थ गाठ परत आली असा होत नाही. अँटिबॉडी रक्तात वर्षानुवर्षं राहू शकतात, गाठ पूर्ण गेल्यावरसुद्धा. गाठ परत आलीये का, हे त्या कागदावरून नाही, सोनोग्राफीवरून ठरवायचं.